कोवळ्या उन्हाची नोंद

नांदेड,
१२ एप्रिल २०२५

काकू,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. फोन केला असता, पण तुम्ही दर वाक्याला "आँ? काय म्हणलीस?" करता आणि शेवटी मी काय सांगत होते ते मीच विसरते. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं. म्हणून पत्र लिहिते. ते एसटीच्या पार्सलनं दिव्याच्या पेटीतूनच येईल.

मागच्या आठवड्यात तुमच्या गच्चीवर सगळं दाखवलंच आहे, तरी पुन्हा लिहिते. अकरा दिवस, रोज सकाळी बरोबर पावणेसातला, म्हणजे सातला लाईट जायच्या आत, टाकीतलं हिरवं पाणी वाटीभर घ्यायचं आणि काचेच्या बशीत ओतायचं. बशी पेटीत ठेवून झाकण लावायचं आणि बटण दाबून घड्याळावर एक मिनिट मोजायचं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमध्ये असतो तसला अतिनील किरणांचा दिवा आहे तो. त्याच्याकडे बघितलं तर डोळे जातील. म्हणूनच अब्बांनी बिलोलीच्या दुकानात बसून ही पत्र्याची पेटी अशी केलीय की झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद होतो.

मग बशीवर काचेचं झाकण ठेवून ती काळ्या कापडात गुंडाळायची आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत दोन दिवस ठेवायची. कापड काढायचं नाही. काढायचं नाही. काढायचं नाही. तीनदा लिहिलंय, कारण मी तुम्हाला ओळखते. रोज वहीत "अंधारात ठेवले" लिहून सही करा. दोन दिवसांनी बशीतलं पाणी बाटलीत भरून इकडे पाठवा. त्यातलं किती शेवाळ जिवंत राहिलं ते मी मोजणार. इथे गोदावरीच्या गोवर्धन घाटावरच्या शेवाळावरही मी हेच करणार आहे.

काकू, हा खेळ नाही. जुलैत समितीपुढे उभं राहायचंय. दोन वर्षं झाली आणि माझ्या हातात दाखवण्यासारखं काही नाही. या वेळी नाही दाखवलं तर माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल. बिलोलीत आत्ताच लोक म्हणतात, "चांदपाशाची पोरगी लातूरला डाक्टर व्हायला गेली आन् आता शेवाळ खरडून राहिली." त्यांना खरडूनच दाखवायचंय मला.

तुमची,
मुबश्शिरा

*

लातूर,
१६ एप्रिल २०२५

चि. मुबश्शिरा,

पेटी पोचली. अब्बांना सांग, पत्र्याच्या जोडांना डाग झकास बसलाय, बोट फिरवलं तरी कुठं लागत नाही.

तीस वर्षं मी गल्लीतली बालवाडी चालवली. शंभर पोरांची नाकं पुसली, आणि तू मला वाटीभर शेवाळ सांभाळायला शिकवतेस? ट्यूशनसाठी वरच्या खोलीत दोन वर्षं राहिलीस तेव्हा तुझा ताप, तुझं रडणं आणि तुझे दोन्ही निकाल मीच सांभाळले होते, ते आठव.

कालपासून सुरू केलं. शेजारच्या पार्वतीबाई गच्चीवर कुरडया वाळवायला आल्या होत्या. बशी बघून म्हणाल्या, "टाकीतली घाण एवढी जपून कशाला ठेवून राहिल्या वो?" मी म्हटलं, "घाण न्हाई, पोरीचं शिक्षण हाय ते."

एक विचारते, रागावू नकोस. त्या जिवाला आधी दिव्याचा चटका द्यायचा आणि वर अंधारात कोंडायचं, हे कसलं शिक्षण? पण तुझं तुला माहीत. मी आपली सही करते.

आशीर्वाद.
काकू

*

नांदेड,
९ मे २०२५

काकू,

बसा आधी. बसलात?

तुमच्या अकरा दिवसांच्या बशा मोजून झाल्या. गोदावरीच्या शेवाळात दिव्यानंतर शंभर पेशींमागे चार जगल्या. चार! अंधारात इतकंच जगतं, पुस्तकातही साधारण तसंच आहे. आणि तुमच्या टाकीतल्या शेवाळात शंभरामागे पन्नास. मी तीनदा मोजलं, मग सत्यमला मोजायला लावलं. तो माझ्याच प्रयोगशाळेत आहे आणि माझं काही चांगलं झालेलं त्याला बघवत नाही. त्याचेही एकोणपन्नास आले.

विरूपाक्ष सर, माझे मार्गदर्शक, जे एरवी माझ्या "गुड मॉर्निंग"ला मानसुद्धा हलवत नाहीत, ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "हे दुष्काळ बघितलेलं शेवाळ आहे. उन्हानं तावून निघालंय. याची जातच वेगळी." त्यांनी नावसुद्धा ठरवून टाकलंय, "लातूर वाण."

मी रात्री खोलीवर येऊन एकटीच हसले. डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली मी, आणि माझ्या हातात असं काही लागावं! काकू, तुम्ही काही वेगळं करत नाही ना? पाण्यात काही टाकत नाही ना? विचारायचं म्हणून विचारते.

तुमची,
मुबश्शिरा

*

लातूर,
१३ मे २०२५

चि. मुबश्शिरा,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. नापास नापास काय लावलंय, त्या परीक्षेला तू कळली नाहीस एवढंच.

इकडे ऊन मरणाचं आहे. कुरडया एका दिवसात खडखडीत होतात. सुदर्शन पुण्याहून "आई, ऐकू येतंय का?" म्हणून फोन करतो, मी "हो हो" म्हणते, काय म्हणाला ते कळत नाही. कैरीचं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी काढून ठेवलीय.

पाण्यात मी काही टाकत नाही. वहीत तू सांगितलंस तसंच लिहिलेलं आहे.

काकू

*

नांदेड,
३१ मे २०२५

काकू,

सरांनी हैदराबादच्या परिषदेला "लातूर वाणा"चा गोषवारा पाठवून दिला. माझं नाव दुसरं आहे, पण आहे. गोदावरीच्या शेवाळाच्या बाटल्या त्यांनी ओतून टाकायला सांगितल्या, "याचं आता काय काम?" मी टाकल्या नाहीत, कपाटामागे लपवल्यात. तेवढा हट्ट माझ्यात आहे.

अब्बांना कळवलं. त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला आणि सांगितलं, "आमच्या मुबीनं असा जीव शोधला की त्याला उन्हाचं काय बी वाटत न्हाई." ज्यांनी नावं ठेवली होती त्यांनीही चहा प्यायला.

आता तुमची वही पाठवा. दोन दिवस पूर्ण अंधार होता याचा तोच पुरावा आहे. समितीपुढे सर तीच ठेवणार.

मुबश्शिरा

*

लातूर,
३ जून २०२५

चि. मुबश्शिरा,

वही पाठवत नाही. आधी हे वाच.

मी तुझं ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी दिवा देऊन झाला, बशी कापडात गुंडाळली आणि जिना उतरायला लागले. पाय पुढे टाकवेना. पार्वतीबाईंच्या कुरडया उन्हात पसरलेल्या. माझ्या सुदर्शनला, गल्लीतल्या प्रत्येक बाळाला, तेल लावून मी सकाळी सातचं कोवळं ऊन दिलंय. अशक्त जीव दिसला की उन्हात घ्यायचा, दुसरं काही मला येतच नाही. मी कापड काढलं, काचेचं झाकण तसंच ठेवलं आणि बशी तासभर कुरडयांच्या शेजारी मांडली. मग आत नेऊन अंधारात ठेवली. अकराही दिवस असंच केलं.

आणि वहीत "अंधारात ठेवले" लिहिलं. एकेका दिवशी नाही, पहिल्याच दिवशी बसून अकरा ओळी भरून टाकल्या. बालवाडीचा हजेरीपट मी असाच भरायची. तापानं घरी राहिलेल्या पोराची गैरहजेरी लावली की त्याचा बाप त्याला मारायचा, म्हणून सगळी हजर. ती सवय लागली ती लागलीच.

तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. तू इतकी खूश होतीस की माझी जीभ उचलली नाही. आता मी गप्प बसले तर तू चार लोकांपुढे खोटं बोलशील आणि तुला ते माहीतही नसेल. ते मला सहन होणार नाही. चुकले मी, माफ कर.

काकू

*

नांदेड,
६ जून २०२५

काकू,

तीनदा लिहिलं होतं.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं झालं असं वाटलं होतं, तेही नव्हतंच. अब्बांना काय सांगू? पाजलेले चहा परत मागू का?

सध्या पत्र पाठवू नका.

मु.

*

नांदेड,
२६ जून २०२५

काकू,

तुम्ही खरंच पत्र पाठवलं नाही. मी सांगितलेलं तुम्ही पहिल्यांदाच ऐकलंत, तेही नको तेव्हा.

मागचं पत्र टाकल्यावर चार दिवस मी प्रयोगशाळेत गेले नाही. पाचव्या दिवशी रागानंच गेले. म्हटलं, बघू तरी तुमच्या उन्हानं काय केलं ते. कपाटामागच्या बाटल्या काढल्या. गोदावरीच्या शेवाळाला दिवा दिला आणि लगेच तासभर निळसर उजेडात ठेवलं, मग अंधारात. तुमच्या बाटल्यांत जगलेलं टाकीतलं शेवाळ मी इथे वाढवलं होतं, त्याला दिवा दिला आणि कापड गुंडाळून सरळ अंधारात टाकलं.

गोदावरीचं शंभरामागे अठ्ठेचाळीस जगलं. लातूरचं पाच.

वाण वगैरे काही नाही काकू. सगळा फरक तुमच्या तासाभराचा.

आता तुम्हाला जे एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं ते सांगते. पेशीच्या आत मण्यांच्या माळेसारखा एक धागा असतो, तिनं कसं जगायचं ते सगळं त्यावर लिहिलेलं असतं. अतिनील किरण पडले की शेजारचे दोन मणी एकमेकांना चिकटतात. मग तिथलं वाचता येत नाही, पेशीचं काम अडतं आणि ती मरते. अंधारात ती चिकटलेला तुकडा कापून नवा घालते, पण ते काम सावकाश चालतं. तिच्याकडे आणखी एक विकर, म्हणजे एंझाइम, असतं. ते त्या जागेवर जाऊन बसतं आणि उजेडाची वाट बघतं. निळा उजेड मिळाला की त्याच्याच जोरावर ते चिकटलेले मणी सोडवतं, काही कापावं लागत नाही. ज्या सूर्यानं मारलं त्याच्याच उजेडातून ती पेशी दुरुस्तीची ताकद घेते. केवढा माज आहे बघा एवढ्याशा जिवाचा! आणि तुमच्या काचेच्या झाकणानं वाईट किरण बहुतेक अडवले आणि चांगला उजेड आत सोडला. तुमच्या-माझ्या अंगात ते विकर नाही, आपल्याला कापून जोडण्यावरच भागवावं लागतं.

हे शास्त्राला कधीचं माहीत आहे. मलाही माहीत होतं, म्हणून तर अंधार सांगितला होता. अंधारात कोण किती तगतं एवढंच मला बघायचं होतं. पण मी तुम्हाला फक्त हुकूम दिला, कारण सांगितलं नाही. सातवी शिकलेल्या बाईला काय कळणार, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. माझ्याबद्दल बिलोलीतले लोक जसं बोलतात तसंच. त्याची मला लाज वाटते.

मी मग उजेड उशिरा देऊन पाहिला. लगेच दिला तर निम्मं जगतं, तीन तासांनी दिला तर तीस, रात्रभर थांबून दिला तर जेमतेम दहा. आपल्या गच्चीवरच्या खऱ्या उन्हात हा हिशेब कसा बसतो ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. ते मला शोधायचंय.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहीत काय लिहिलंय? अंधारात. सही आहे? आहे. मग तेच खरं. म्हातारीचं काय ऐकून राहिलीस तू?" मी म्हटलं, "म्हातारी खरं बोलून राहिली सर." तेव्हापासून माझ्या "गुड मॉर्निंग"ला पुन्हा मान हलत नाही.

वही तुमच्याकडे आहे. सरांनी मागितली तर देऊ नका. मला पाठवायची का नाही ते तुम्ही ठरवा. तुमची सही खोटी होती हे चारचौघांत उघड होईल, म्हणून विचारते.

मुबश्शिरा

*

लातूर,
३० जून २०२५

चि. मुबश्शिरा,

विचारतेस काय? वही या पार्सलात आहे.

अकराही ओळींवर मी लाल शाईनं आडवी रेघ मारली. खाली काय केलं ते लिहिलं, "सकाळी ७ ते ८ उन्हात ठेवले, नंतर अंधारात." दोन दिवस ढगाळ होतं, तेही लिहिलं. एका दिवशी दळण आणायला गेले आणि बशी नऊपर्यंत उन्हात राहिली, तेही लिहिलं. प्रत्येक ओळीला नवी सही आणि आजची तारीख. सदुसष्ट वर्षांची झाले, आता कुणाचा बाप कुणाला मारेल म्हणून खोटं लिहायचं वय राहिलं नाही.

तुझे सर परवा घरी येऊन गेले. लातूरला कामानं आलो होतो म्हणाले. मी कानाचं यंत्र लावलं, तुझ्यासाठी कधी लावलं नाही ते. म्हणाले, "ताई, ती वही तशीच द्या, पोरीचं कल्याण होईल." मी चहा दिला, कुरडया तळून दिल्या. वही दिली नाही.

समितीपुढे मान खाली घालू नकोस. घातलीस तर या घरात पाय ठेवू नकोस.

काकू

*

नांदेड,
१५ जुलै २०२५

काकू,

झाली समिती.

पाच जण होते. सरांनी "लातूर वाण" मांडायला सुरुवात केली. मी उभी राहिले, वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "वाण नाही. उजेड आहे." सगळं सांगितलं. तुमच्या गच्चीचं, कुरडयांचं, माझे जूनमधले आकडे, सगळं. एक जण हसले, "म्हणजे पापड वाळवताना लागलेला शोध?" मी म्हटलं, "कुरडया, सर. नोंद बरोबर घ्या."

मंजुश्री मॅडम म्हणून आहेत, त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुमची लाल शाईची पानं एकेक करून वाचली आणि विचारलं, "ढगाळ दिवशी किती जगल्या?" माझ्याकडे आकडा होता. छत्तीस. त्यांनी तो लिहून घेतला.

निकाल असा. परिषदेचा गोषवारा मागे घ्यायचा. नोंदणी रद्द नाही, पण गेलं वर्ष धरायचं नाही. विरूपाक्ष सरांनी मला सोडलं, मंजुश्री मॅडमनी घेतलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "त्या म्हातारीनं तुझं वर्ष खाल्लं." मी म्हटलं, "माझं वर्ष मी घालवलं सर. तिनं अकरा बशा जगवल्या."

एक गोष्ट उरली. समितीनं वाट ठेवलीय. मदतनीस बाईंनी, म्हणजे तुम्ही, प्रयोग बिघडवल्याबद्दल पंधरा दिवसांत लेखी माफीनामा दिला, तर दोष त्यांचा धरून माझं वर्ष वाचवता येईल. मी तिथेच सांगितलं की मला ते वर्ष असं नको, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पण पत्ता त्यांच्याकडे आहे, ते तुम्हाला पत्र पाठवतील. तुम्ही माझ्यासाठी काहीही लिहून द्याल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, देऊ नका.

अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चहाचं कायी न्हाई, लोकांनी पिला, पिऊ दे. तू खरं बोल्लीस ना? बस."

तुमची,
मुबश्शिरा

*

लातूर,
२१ जुलै २०२५

चि. मुबश्शिरा,

समितीचं पत्र आलं. सोबत कोरा माफीनामाही होता, खाली सहीची जागा ठेवलेला. दोन दिवस समोर घेऊन बसले. खोटं सांगत नाही, पेन उचललं होतं. तुझं एक वर्ष म्हणजे काय ते मला कळतं. वरच्या खोलीत तुझी दोन वर्षं जाताना मी बघितलीत.

तू देऊ नका म्हणालीस. तू सांगितलेलं मी कधी ऐकत नाही, तेही खरं. म्हणून त्यांचा कागद बाजूला ठेवला आणि माझा मीच लिहिला. आज रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्याची नक्कल तुला देते.

"माननीय समितीस,

मी तारामती नरसिंग पांचाळ, वय सदुसष्ट, राहणार लातूर, लिहून देते की नोंदवहीत मी अकरा खोट्या नोंदी केल्या. हे मुबश्शिरा चांदपाशा हिला माहीत नव्हते. तो अपराध माझा एकटीचा आहे आणि त्याची मी माफी मागते.

शेवाळ उन्हात ठेवल्याबद्दलही मी माफी मागावी, असे आपण लिहिले आहे. ती मी मागणार नाही. ते मरत होते. मी त्याला उजेड दिला, ते जगले. यात माझ्या हातून काय बिघडले, ते समितीने मला लेखी कळवावे."